भांगलण

आमच्या घरात आजारपण आले की कामांची वाटणी आपोआप होते. कोणी उशाशी बसते, कोणी डबा करते, आणि जो शहरात राहतो, ज्याला चार कागद वाचता येतात, त्याच्या हाती फाईल येते. २०१४ च्या जून महिन्यात ती माझ्या हाती आली. ताईची धाकटी मुलगी, आमची चिमू, तेव्हा सहा वर्षांची होती. कराडजवळच्या त्यांच्या गावी महिनाभर तिला ताप येत-जात होता, पाय दुखतात म्हणून ती रात्री रडत होती, मांड्यांवर न लागता निळे डाग उठत होते, आणि तालुक्याच्या एका दवाखान्यात टॉनिक व इंजेक्शने चालू होती. रक्ताची साधी सीबीसी तपासणी झाली तेव्हा महिना उलटून गेला होता. तिच्यातले आकडे पाहून कराडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एवढेच लिहिले, ‘टाटा हॉस्पिटल, परळ.’

वॉर्डातल्या रात्रींबद्दल लिहिण्याचा अधिकार ताईचा आहे. तिने त्या काढल्या आहेत आणि ती त्यांच्याविषयी बोलत नाही. मला ठाऊक आहे ते रुग्णालयाच्या दाराबाहेरचे. पण कर्करोगावरच्या अडीच वर्षांच्या उपचारांचा हिशेब मांडला तर चिमू खाटेवर दाखल होती ते दिवस थोडेच भरतात. उरलेला सगळा काळ ती कुठल्या ना कुठल्या खोलीत, गाडीत, रांगेत किंवा गावच्या सोप्यात होती, आणि तिथे तिच्यावर उपचार करणारी माणसे म्हणजे एक दहावी झालेली आई, एक शेतकरी बाप आणि डोंबिवलीहून लोकलने येणारा मामा. आम्हाला काय माहीत आहे आणि काय नाही, यावर बरेच काही ठरत होते. हे आम्हाला फार उशिरा उमगले.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली आणि ती मी थांबवू शकलो नाही. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडताच दाजींनी गावी फोन करून दोन म्हशी विकायला काढल्या आणि विहिरीजवळचे रान गहाण ठेवले. पैसे घेऊन ते परळला आले तेव्हा मी त्यांना समाजसेवा विभागात नेले, आणि तिथल्या बाईंनी शांतपणे विचारले, “रेशनकार्ड कोणत्या रंगाचं आहे?” कार्ड केशरी होते. त्या काळी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पिवळ्या आणि केशरी कार्डांना लागू होती आणि एका कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखापर्यंतचा खर्च त्यात बसत असे. पुढे २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले यांच्यावरून ठेवले गेले, आणि आता मर्यादा पाच लाखांची असून कार्डाच्या रंगाची अटही उरलेली नाही. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. त्याला भेटायचे ते उपचार सुरू होण्याआधी, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते आणि खर्च करून झाल्यावर हळहळण्याखेरीज काही उरत नाही. त्याखेरीज पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, आणि या सगळ्यांना लागणारी कागदपत्रे थोड्याफार फरकाने तीच आहेत: आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक. उत्पन्नाच्या एका दाखल्यासाठी परळहून कराड आणि कराडहून परळ अशी खेप दाजींना दोनदा करावी लागली. म्हशींची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मीही काढत नाही, पण कोणी फोन केला तर पहिल्यांदा हेच सांगतो की काहीही विकण्याआधी एक दिवस थांबा आणि समाजसेवकाला भेटा.

टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, हे मी तिथल्या एका लांबलेल्या दुपारी वाचले. देशभरातून माणसे तिथे येतात. शेजारी वाडिया आणि केईएम ही रुग्णालये, आणि मधल्या फुटपाथवर बिहार-बंगालमधली कुटुंबे स्टोव्हवर भात शिजवत बसलेली. आम्ही मराठी असल्यामुळे निदान रिक्षावाल्याशी, परिचारिकेशी, औषधाच्या दुकानदाराशी बोलू तरी शकत होतो. मुलाचा आजार आणि परकी भाषा ही दोन ओझी एकदम वाहणाऱ्या त्या बायकांकडे पाहून ताईची तक्रार गळ्यातच राहायची.

राहायचे कुठे, हा प्रश्न औषधांइतकाच मोठा असतो. माझी डोंबिवलीची जागा दीड खोलीची, आणि लोकलच्या गर्दीतून काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, उतरलेल्या मुलीला आणणे-नेणे शक्य नव्हते. (कर्करुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येते हे कळले, तरी त्या डब्यालाही सकाळी श्वास घ्यायला जागा नसते.) परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि केवळ कर्करोगाच्या मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत, जिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा आणि स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी मिळते आणि पैसे घेतले जात नाहीत. या ठिकाणी रुग्णालयाचे पत्र लागते आणि रांग असते. म्हणून पहिल्या दिवशीच नाव घालावे. ‘बघू, आठवडाभर लॉजवर काढू’ म्हणणाऱ्यांचे महिने लॉजवर जातात. ताईला जागा मिळायला पाच आठवडे लागले. जागा मिळाल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पाणी वीस मिनिटे उकळून, झाकून ठेवले आणि त्या भांड्याला हात लावणाऱ्या प्रत्येकावर, माझ्यासकट, ओरडायला सुरुवात केली.

चिमूला झाला होता तो रक्ताचा कर्करोग, मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. नाव अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, पण सगळे त्याला ‘ए.एल.एल.’ म्हणतात. उपचाराची आखणी, म्हणजे प्रोटोकॉल, सुमारे अडीच वर्षांची होती. इंडक्शन म्हणजे रोग दबवण्याचा पहिला मारा, कन्सॉलिडेशन म्हणजे तो दबाव पक्का करणे, मग आणखी एक जोराचा टप्पा आणि शेवटी लांबलचक मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या घेत राहणे. ही नावे ताईने आठवड्यात आत्मसात केली. ‘आज एल.पी. आहे’ म्हणजे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तिथे औषध सोडणार, ‘काउंट नाहीत’ म्हणजे कीमो पुढे ढकलली, हे ती गावच्या फोनवरही सहज बोलायची आणि पलीकडचे माणूस गप्प व्हायचे.

पहिल्या महिन्यातल्या स्टेरॉइडने घरातल्या सगळ्यांची परीक्षा पाहिली. शांत स्वभावाची ही मुलगी रात्री तीनला उठून वरणभात मागायची, तो दिला की बटाट्याची भाजी, ती दिली की पापड, आणि पापडाला ‘मीठ कमी खायचं’ म्हटले की भिंतीवर ताटली. गाल फुगून डोळे बारीक झाले. हे औषध बोलते आहे, पोरगी बोलत नाही, असे कोणीतरी आधी सांगितले असते तर ताईने तिला मारलेली ती एक चापट टळली असती. मग व्हिन्क्रिस्टीन या कीमोच्या औषधामुळे जबडा दुखणे, पोट साफ न होणे, पायऱ्या चढताना पाऊल लोळणे. यातले प्रत्येक डॉक्टरांना सांगायचे असते, आणि आम्ही पहिल्यांदा एकही सांगितले नाही, कारण एवढ्या मोठ्या आजारात बद्धकोष्ठाची तक्रार काय करायची, असे आम्हाला वाटले. केस गेले तेव्हा मात्र चिमू फारशी रडली नाही. गावी गेल्यावर दोघातिघांनी कौतुकाने विचारले, “तिरुपतीला जाऊन आलात व्हय?” आणि तिने मान डोलावून दिली.

पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास बोन मॅरोचा अहवाल आला. रेमिशन. हाडांतल्या मज्जेत रोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हत्या. ताई मटकन खाली बसली, दाजींनी गावी फोन लावला, आणि तिकडून घरचे वडीलधारे आबा म्हणाले, “बरी झाली न्हवं? मग घेऊन या की घरी. पेरण्या खोळंबल्यात.”

सगळ्या अडीच वर्षांत इतके धोक्याचे वाक्य मी दुसरे ऐकले नाही. मूल खेळायला लागते, भूक लागते, अहवाल स्वच्छ असतो. दुसरीकडे रान पडीक, थोरला मुलगा आजीकडे, हाताशी मजुरी नाही, आणि दर खेपेला तिकीट. अशा वेळी कुटुंबे परत जातात आणि येत नाहीत. डॉक्टरांच्या भाषेत याला उपचार अर्धवट सोडणे म्हणतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि गरीब देशांत पुष्कळ ठिकाणी तीस टक्केही होत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या दरीच्या कारणांत उशिरा होणारे निदान आणि औषधांचा तुटवडा यांच्याबरोबर हे सोडून जाणेही आहे. आमच्या समोरच्या खाटेवरचा, लातूरकडचा एक मुलगा रेमिशननंतर असाच गावी परत गेला. त्याच्या वडिलांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना रेल्वेची सवलत ठाऊक नव्हती, धर्मशाळेचे पत्र ठाऊक नव्हते, आणि स्वच्छ अहवालानंतर दोन वर्षे विष का द्यायचे याचे उत्तर त्यांना समजेल अशा शब्दांत कोणी दिले नव्हते.

आबांना ते उत्तर दाजींनी दिले. डॉक्टरांनी त्यांना आकृती काढून समजावले होते, मीही माझ्या परीने शहाणपण केले होते, पण फोनवर दाजी जे बोलले ते आमच्यापैकी कोणालाच सुचले नसते. “आबा, पहिली भांगलण झाली की रान कसं दिसतं? साफ. मग आपण खुरपं टाकून घरी बसतो का? बी जमिनीतच ऱ्हातं की. पाऊस पडला की पुन्हा हिरवं.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आबांनी विचारले, “किती भांगलणी?” दाजी म्हणाले, “डॉक्टर म्हणतेत, अडीच वर्सं.” त्या वर्षी आबांनी भाऊबंदांना वाट्याने रान लावून दिले.

त्यानंतर आम्ही ये-जा स्वस्त करण्याच्या मागे लागलो. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात पूर्ण माफी असते आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. साध्या दुसऱ्या वर्गात दोघांनाही पंचाहत्तर. अर्जावर रुग्णालयाची सही आणि शिक्का लागतो आणि तो आपण मागितल्याशिवाय हातात पडत नाही. एसटीतही सवलत आहे. कराडहून कोयना एक्सप्रेसने येताना ताई स्वतःचा डबा, स्वतःचे पाणी, एक धुतलेली चादर आणि चिमूचा मास्क घेऊन खिडकीची जागा धरायची. फेरीवाल्याचे काही म्हणून काही नाही. केळे मात्र चालायचे, कारण ते सोलून खाता येते.

आता तापाविषयी. हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण यात आम्ही चिमूला जवळजवळ गमावले होते. कीमोने पांढऱ्या पेशी खाली येतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेल्या की साध्या जंतूलाही शरीरात अडवणारे कोणी उरत नाही. अशा मुलाला ताप आला तर तो बऱ्याचदा एकमेव खूण असतो. खोकला नाही, पू नाही, जखम नाही, कारण पू व्हायलाही पेशी लागतात. आम्हाला दिलेल्या कागदावर स्पष्ट छापले होते की १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट म्हणजे तातडी. थांबायचे नाही, रुग्णालय गाठायचे, आणि तिथे पोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. तो कागद फाईलमध्ये होता आणि फाईल माझ्याकडे डोंबिवलीत होती.

ऑक्टोबरात ताई आणि चिमू गावी असताना संध्याकाळी चिमूला कणकण आली. थर्मामीटर नव्हता. शेजारच्या काकूंनी पॅरासिटामॉलचे सिरप आणून दिले, ताप उतरला, पोरगी झोपली, सगळ्यांना बरे वाटले. सिरपाने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. पहाटे तिचे हातपाय गार पडले होते आणि ती हाकेला ओ देत नव्हती. कराडच्या रुग्णालयात तिला अतिदक्षता विभागात नऊ दिवस ठेवावे लागले. तिथल्या तरुण डॉक्टरने परळच्या युनिटला, म्हणजे टाटामधल्या तिच्या डॉक्टरांच्या गटाला, फोन लावून विचारून विचारून औषधे दिली, म्हणून ती आज आहे.

त्यानंतर वही आली. दोनशे पानी, दाजींच्या अक्षरातली. पहिल्या पानावर ताप किती असला की काय करायचे, युनिटचा फोन, कराडच्या रुग्णालयाचा फोन, रात्री येऊ शकणाऱ्या दोन गाडीवाल्यांची नावे. त्याखाली अपघात विभागात शिरताच म्हणायचे वाक्य, तयार: “रक्ताच्या कॅन्सरची कीमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, काउंट कमी असू शकतात, ताप आहे.” हे वाक्य पाठ नसेल तर रांगेत सर्दी-खोकल्याच्या मुलांमागे तास जातो. विचारल्याशिवाय तापाचे औषध नाही, ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन कधीच नाही, स्नायूत इंजेक्शन नाही, हेही दाजींनी लाल पेनाने लिहिले होते. थर्मामीटर दोन आणले, कारण एक हमखास हरवतो.

वहीची पुढची पाने गोळ्यांची. मेंटेनन्समध्ये कीमोच्याच दोन गोळ्या, रोज रात्री सिक्स-एम.पी. आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. हा ‘एकदाच’ शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. चुकून रोज दिली गेलेली मेथोट्रेक्सेट जीव घेऊ शकते, म्हणून दाजींनी वार ठरवला गुरुवार आणि ती पाकिटे वेगळ्या डब्यात, वेगळ्या फळीवर ठेवली. दर वेळच्या काउंटप्रमाणे सिक्स-एम.पी.चा डोस बदलायचा, एक दिवस एक गोळी, दुसऱ्या दिवशी अर्धी, आणि हे मनात ठेवणे कोणालाच जमले नसते. दिली की खूण, उलटी झाली तर वेळ. एका अमेरिकन अभ्यासात शंभरातल्या पंच्याण्णवपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका वाढलेला आढळला आहे. म्हणजे महिन्यातून दोन रात्रींचा कंटाळाही महाग. कोणा पाहुण्याने आणलेला पाल्याचा काढा ताईने पाहुण्यासमोर ठेवून घेतला आणि पाहुणा गेल्यावर मोरीत ओतला. यकृतावर आधीच या औषधांचा ताण असतो. त्यात आणखी काय मिसळते आहे हे कोणाला ठाऊक?

कांजिण्यांचे प्रकरण नाजूक होते. आमच्याकडे अजूनही देवी अंगावर आली म्हणतात, लिंबाचा पाला बांधतात आणि बाहेर फार बोलत नाहीत. ताईने शाळेत जाऊन बाईंना आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन बायांना सांगितले की तुमच्याकडे कोणाला उठल्या तर रागावणार नाही, फक्त लगेच कळवा, कारण संपर्कानंतरच्या पहिल्या दोनतीन दिवसांत डॉक्टरांना काही करता येते. एकदा खरोखर निरोप आला आणि त्याच रात्री ते कराडला निघाले.

रक्ताची व्यवस्था मी पाहत होतो. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की त्या मिळेनाशा होतात. यंत्रावर बसून प्लेटलेट देणारा माणूस अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा देऊ शकतो हे मला माहीत नव्हते. लालबागच्या एका गणेश मंडळाच्या पोरांनी ते मला सांगितले आणि रक्तगटांप्रमाणे यादीच हातात ठेवली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आवाज बसलेला, डोळे तांबारलेला एक जण दारात उभा होता. रात्रभर जागलेल्याचे रक्त घेत नाहीत म्हणून त्याला परत पाठवले, तर तो झोप काढून तिसऱ्या दिवशी हजर.

आमच्या सगळ्यांच्या यादीतून एक जण सुटला होता. चिमूचा थोरला भाऊ, दहा वर्षांचा. त्याला कोणी काही सांगितले नव्हते, ‘बारका आहे’ म्हणून. दिवाळीत मी गेलो तेव्हा त्याने मला गोठ्यामागे नेऊन विचारले, “मामा, मी तिला ढकललं होतं, मेमध्ये. त्यानं झालं का?” पाच महिने तो हे पोटात घेऊन शाळेत जात होता. पुढच्या खेपेला त्याला परळला नेले. डे-केअरमधल्या, म्हणजे दिवसापुरती कीमो देतात त्या विभागातल्या, परिचारिकेने त्याला सलाइनचे थेंब मोजायला बसवले आणि तो दिवसभर मोजत राहिला.

२०१६ च्या डिसेंबरात शेवटची गोळी झाली. आम्ही पेढे वाटले, पण तपासण्या थांबल्या नाहीत. उपचार संपलेल्या मुलांसाठी टाटामध्ये वेगळी ओपीडी आहे, एसीटी (आफ्टर कम्प्लीशन ऑफ ट्रीटमेंट) क्लिनिक म्हणतात, आणि तिथे हृदय, वाढ, शाळा सगळे विचारतात, कारण काही औषधांचे परिणाम कित्येक वर्षांनी डोके वर काढतात. कोणते औषध एकूण किती दिले गेले याचा एक सारांश तिथून मिळतो. आमच्याकडे तो दोन पानांचा आहे. उद्या तिला कुठल्याही गावी कुठलाही डॉक्टर पाहणार असेल, तर आधी तो दाखवायचा आहे. मूळ वही एका कुटुंबाने नेली ती परत आली नाही, आणि ती मागायला आम्ही गेलो नाही. हा कागद मात्र कोणाला देत नाही.

२०२४ मध्ये चिमू दहावी झाली. ताईने एक जाड प्लास्टिकची पिशवी आणली आणि गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि ती दोन पाने एकत्र घातली. चिमूने ती बाहेर काढून, वाचून, क्रम बदलला. सारांश वर, गुणपत्रिका खाली.